मंगळवार पेठेतलं जुनं घर, हातात दोन लाख चाळीस हजार: आधी कशाला हात घालावा?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ आमचं आजेसासऱ्यांच्या वेळचं घर आहे. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि परड्यात न्हाणी-संडास. रुंदी जेमतेम चौदा फूट, लांबी चाळीसच्या आसपास. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर भेंड्याच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. सोप्यात दोन सागवानी खांब आहेत. सासूबाई दसऱ्याला त्यांची पूजा करतात, त्यामुळं घर पाडून बांधायचा विषय आमच्याकडं निघतच नाही. मलाही ते नकोय.

भिशी लागली आणि मिस्टरांचा बोनस आला. दोन्ही मिळून २,४०,००० रुपये आहेत. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला, म्हणून कर्ज काढायचं नाही हे दोघांनी ठरवलंय.

दुखणी अशी. सोपा आणि माजघराच्या डाव्या भिंतीला बोळाच्या बाजूनं ओल आहे. पंधरा-एक वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. दर दिवाळीला आम्ही खरडून पुट्टी-रंग करतो आणि श्रावण यायच्या आत कमरेपर्यंत पापुद्रे सुटतात, पांढरी पूड गळते. माजघरात दोन-तीन ठिकाणी कौलातून थेंब पडतात. वायरिंग जुनं आहे, मिक्सर आणि गिझर एकदम लावला की फ्यूज उडतो. न्हाणीवर सिमेंटचा पत्रा आहे आणि खालची फरशी हलते. स्वयंपाकघरात ओट्याखाली सगळं उघडं, झुरळांचा त्रास.

एका ठेकेदारानं दिलेला अंदाज: कौलं काढून रंगीत पत्रा १,१०,०००, ओलीच्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल ३०,०००, न्हाणी ७०,०००, शहाबादी उचकटून व्हिट्रिफाइड फरशी ६०,०००, ओट्याखाली ट्रॉल्या ८०,०००. बेरीज साडेतीन लाख, आणि यात वायरिंग धरलेलंच नाही.

आमच्या गौरी त्याच भिंतीला पाठ करून बसतात. गणपतीच्या आत सोपा बरा दिसावा एवढी माझी इच्छा आहे. यातलं काय आधी करावं, काय सोडून द्यावं आणि आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी काय करू शकतो? मिस्टर फाउंड्रीत आहेत, हाताला कामाची सवय आहे. मीही मागं राहणार नाही.

घरसजावट_राजारामपुरी

ताई, मी फ्लॅटची अंतर्गत कामं करतो. पॅनेल वाईट नाही. दोन दिवसांत भिंत झाकली जाते, धूळ नाही, पुसलं की स्वच्छ. राजारामपुरीत आणि नागाळा पार्कात मी बरीच कामं केलीत, लोक समाधानी आहेत. गणपतीची मुदत असेल तर हाच जलद मार्ग आहे. खाली लाकडी पट्टीऐवजी अॅल्युमिनियमची चौकट मारून घ्या, म्हणजे वाळवीची भीती नाही. फरशी मात्र करूच नका असं माझंही मत. जुनी शहाबादी घासून घेतली तर छान निघते.

ओळंबा

ताई, मी आधी गवंडी आणि मग साइटवर सुपरवायझर म्हणून हयात घालवलेला माणूस. पेठांतली अशी घरं पुष्कळ उघडलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्या दादांनी मनापासून सांगितलंय, पण फ्लॅटची भिंत आणि तुमची भिंत यांत फरक आहे. आरसीसीच्या फ्लॅटात बहुतेक वेळा पाणी वरून किंवा शेजारच्या बाथरूममधून येतंय. ते बंद केलं की भिंत वाळते, मग वर पॅनेल लावा नाहीतर कागद चिकटवा. तुमच्या भिंतीत पाणी जमिनीतून वर चढतंय, असा माझा अंदाज आहे. त्यावर पॅनेल मारलं तर ओल आतच कोंडून वर सरकेल, आणि कमरेपर्यंतची ओल छातीपर्यंत जाईल. भेंडा म्हणजे शेवटी उन्हात वाळवलेली माती. कायम ओली राहिली तर तिची ताकद जातेय आणि वरच्या तुळईचा भार तर तिच्यावरच आहे.

म्हणून पैसे कुठं घालायचे हे ठरवायच्या आधी पाणी कुठलं ते ओळखा. जुन्या घरात पाणी तीन वाटांनी येतंय.

पहिलं आभाळाचं. त्याचा डाग भिंतीच्या वरच्या अंगाला असतोय, कडा तपकिरी, आणि पावसाळा सरला की वाळून जातोय. दुसरं जमिनीचं. ते खालून तीन-चार फुटांपर्यंत चढतंय, त्याची वरची रेघ बऱ्यापैकी आडवी दिसते आणि त्या रेघेजवळ लोणा फुटतोय. तुमची पांढरी पूड म्हणजे तोच लोणा. जमिनीतले आणि भिंतीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि तिथंच फुगून गिलावा ढकलतात. तिसरं नळाचं. त्याला ऋतू नसतोय, डाग बाराही महिने एका जागी. रात्री झोपताना टाकीतली पातळी खडूनं खुणवा, सगळे नळ बंद ठेवा, सकाळी बघा. उतरली असेल तर पाइप कुठंतरी गळतोय.

अजून एक सोपी तपासणी आहे. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल घ्या, फूटभर चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. बाहेरच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली वाफ. भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतलंच.

आणि बोळाकडं जरा नीट बघून मला सांगा: बोळाची फरशी किंवा काँक्रीट तुमच्या जोत्याच्या किती वर आलंय? पूर्वी बोळ खाली आणि जोतं हातभर वर असायचं. आता दर कामाला रस्ता चार-सहा इंच वर चढतोय आणि दगडी जोतं जमिनीत बुडतंय. दुसरं, वळचणीला पन्हळ आहे का? नसेल तर कौलावरचं सगळं पाणी बोळात आपटून तुमच्याच भिंतीवर शिंतोडे उडवतंय.

कौलांविषयी. कौलं काढू नका असं मी हात जोडून सांगतो. ठेकेदाराला पत्रा सोपा, कारण एकदा स्क्रू मारले की त्याचं काम संपलं. कौलाच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते, पत्रा मात्र एप्रिलमध्ये दुपारी घरात बसू देत नाही आणि जुलैत टीव्हीचा आवाज ऐकू येऊ देत नाही. वर आणखी खर्च करून फॉल्स सीलिंग करावं लागतं, ते वेगळंच. मंगलोरी कौल शंभर चौरस फुटाला साधारण १४० लागतंय. तुमची बहुतेक कौलं धडच असणार, फुटलेली तेवढी बदलायची. गळतंय ते बहुधा रिपा, म्हणजे कौलं बसतात त्या लाकडी पट्ट्या, वाकल्यामुळं. रीप वाकली की कौलाचा सांधा उघडतोय. कौलं उतरवून रिपा बदलायच्या, कौलं घासून पुन्हा चढवायची आणि आढ्यावरच्या कौलांचा चुना नवा भरायचा. हे काम मिरगाच्या बरंच आत उरकायला पाहिजे. वळीव कधी येईल सांगता येत नाही, म्हणून कौलं उतरवली त्या दिवसापासून ताडपत्री माळ्यावर तयार ठेवा.

कौलं उतरली की एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा: प्रत्येक वाशाचं आणि तुळईचं भिंतीत शिरणारं टोक. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. मधलं सागवान शंभर वर्षं टिकतंय, पण भिंतीतलं टोक ओलीनं आधी जातंय. एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नाही.

उत्तर आलं की भिंतीचं सांगतो.

मंगळवारपेठकरीण

काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं, बाहेरची बाजू कोरडी. टाकीची खूण जागच्या जागी होती. बोळाचं म्हणाल तर मिस्टरांनी टेप लावून बघितलं, सोप्याच्या आतल्या फरशीपेक्षा बोळ चार इंच वर आहे! बोळ आमच्या आणि शेजारच्यांच्या सामाईक मालकीचा, काही वर्षांपूर्वी दोघांनी मिळून काँक्रीट केलं होतं. पन्हळ कुठल्याच बाजूला नाही. शेजारच्यांच्या स्लॅबचं पाणीही त्याच बोळात पडतं. सासूबाई म्हणाल्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बोळात उतरायला दोन पायऱ्या होत्या.

ठेकेदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला भिंतीला भोकं पाडून केमिकलचं इंजेक्शन मारू, ओल कायमची बंद. ते करावं का?

ओळंबा

सासूबाईंनी नेमकं सांगितलं. दोन पायऱ्या गेल्या म्हणजे जोतं बुडालंय.

इंजेक्शन करू नका. पक्क्या विटांच्या, सरळ थरांच्या भिंतीत ते औषध एका ओळीत पसरतं आणि पाण्याला आडवा बांध होतो. तुमच्या जोत्यात दगडांच्या मध्ये माती भरलीय, वर भेंडे आहेत. औषध कुठं पोकळीत जाईल, कुठं थांबेल याचा नेम नाही. वर ड्रिल मारून माती हलवायची ती वेगळीच.

बोळाचं काम असं करायचं. आधी शेजाऱ्यांशी बोला, त्यांच्या संमतीशिवाय हात लावू नका. तुमच्या भिंतीला लागून काँक्रीटची नऊ इंचांची पट्टी कापून काढायची आणि फूटभर खोल चर काढायचा. जोत्याच्या खाली जायचं नाही, पायाला धक्का लागता कामा नये. तळाला बारीक उतार देऊन भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप ठेवायचा, त्याचं तोंड गटारीकडं, आणि वर चाळलेली खडी भरायची. सिमेंट अजिबात नाही. भिंतीला लागलेलं पाणी खडीत उतरून निघून जातंय आणि भिंत तिथून वाळायला लागतेय. उरलेल्या काँक्रीटचा उतार भिंतीकडं असेल तर त्यावर पातळ थर देऊन तो बोळाच्या मध्याकडं फिरवा. मग दोन्ही घरांना पन्हळ. उद्यमनगरात जीआय पत्र्याची पन्हळ वाकवून मिळते, आणि मिस्टर फाउंड्रीत असल्यामुळं तिथं त्यांची ओळख असेलच. शेजाऱ्यांना सांगा, त्यांच्या भिंतीलाही हाच फायदा आहे.

आता आतली बाजू. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत पूर्ण काढा. हे तुम्ही दोघं करू शकता, छिन्नी-हातोड्यानं, हळू. ब्रेकर मशीन अजिबात लावायचं नाही, भेंडे खिळखिळे होतात. चष्मा आणि मास्क पाहिजेच. पोरगी अभ्यासाला बसते त्या खोलीचं दार बंद ठेवा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, सुपलीत गोळा करून बाहेर टाकायचा. पाण्यानं धुवायचा नाही, तो विरघळून परत भिंतीत शिरतो.

मग भिंत उघडी ठेवायची. जाड भिंत वाळायला जुने गवंडी एका इंचाला एक महिना धरतात. तुमची भिंत हातभर जाड, म्हणजे एका उन्हाळ्यात पुरती वाळणार नाही. पण मार्च ते मे हा काळ कोल्हापुरात सगळ्यात कामाचा. दारं-खिडक्या उघडी टाका.

मे महिन्यात त्यावर चुन्याचा पातळ हात द्या. चुना एक भाग, वाळू तीन भाग, आणि वाळूतली थोडी जागा सुरखीला, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेच्या भुकटीला. सुरखीमुळं चुना ओलीतही धरतोय. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. भिंत आधी शिंपडून घ्यायची, आणि गिलाव्यावर आठ-दहा दिवस हलकं पाणी मारत ओलं पोतं टांगून ठेवायचं. सिमेंट चिमूटभरही घालू नका. गवंडी म्हणेल पटकन धरायला टाकूया, तरी नाही. चुन्यातून वाफ आरपार जाते, म्हणून भिंत वाळत राहते. त्यावर पुट्टी नाही, प्लास्टिक पेंट नाही. फक्त चुन्याची सफेदी. पक्का गिलावा दिवाळीनंतर, थंडीत.

म्हणजे या गणपतीला तुमच्या गौरींच्या मागं नितळ रंगीत भिंत नसेल. पांढरी, कोरडी, हाताला जराशी खरबरीत अशी चुन्याची भिंत असेल. पुढच्या वर्षी काय लोणा आला तर थोडा येईल, तो झाडून पुन्हा सफेदीचा हात. भिंतीतला साठलेला क्षार संपेपर्यंत दोन-तीन वर्षं असं चालेल, त्याला घाबरू नका.

दुधाळीकर

मंगळवारपेठकरीण वहिनी, काका म्हणतात ते भिंत वाळू द्यायचं आम्ही अंगावर काढलंय म्हणून लिहिते. आमचं घर दुधाळीत. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी घरात होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धोक्याची पातळी, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. २०१९ नंतर गल्लीत ज्यांनी दिवाळीच्या आत पुट्टी-रंग करून घेतला, त्यांच्या भिंती उन्हाळ्यापर्यंत सोलल्या. आमचे सासरे ऐकत नव्हते, ते म्हणाले उघडी राहू दे भिंत, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. आम्ही पुढच्या मार्चमध्ये रंग लावला आणि तो २०२१ पर्यंत टिकला.

मला मुख्य लिहायचंय ते तुमच्या ट्रॉल्यांबद्दल. ८०,००० घालू नका. पुरात आमच्या ओट्याखालची पार्टिकल बोर्डाची कपाटं फुगून दारं निघून पडली, शेजारच्या काकूंच्या घरी प्लाय होता पण साधा, त्याचे थर सुटले. तुमच्याकडं पूर येत नाही, पण ओलीची भिंत आणि सिंकची गळती एवढ्यानंही तेच होतं, फक्त सावकाश. आता आम्ही ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या बसवल्यात, बाहेर फक्त अॅल्युमिनियमच्या चौकटीची दारं. डबे सरळ कडप्प्यावर. भांड्यांसाठी स्टीलच्या जाळीच्या दोन ट्रॉल्या तेवढ्या. झुरळांना लपायला लाकडाच्या फटी राहिल्या नाहीत. सिंकखालचा कप्पा मुद्दाम उघडा ठेवलाय, गळायला लागलं तर लगेच कळतं. कुठं प्लाय घ्यावाच लागला तर त्यावर आयएस ७१० छापलंय का बघा, तो पाण्याला टिकणारा. आयएस ३०३ मधला साधा एमआर प्लायसुद्धा चांगलाच, पण तो कोरड्या जागेचा.

कडप्पा आणि दारं मिळून आम्हाला ट्रॉलीच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी लागले. ओटा तुमच्यापेक्षा थोडा लहान असेल, तरी हिशेब लक्षात येईल.

चालू_बंद

ताई, सगळ्यांनी पाण्याचं लिहिलंय, मी विजेचं लिहितो. ओली भिंत आणि जुनं वायरिंग एकाच घरात आहे, म्हणून माझ्या मते वायरिंग तुमच्या यादीत वरच पाहिजे. मी वायरमन आहे, कसबा बावड्यात राहतो.

फ्यूज उडतोय ते चांगलंय, तो त्याचं काम करतोय. जाड तार घालून तो दडपू नका. गिझरला मेन बोर्डपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. मिक्सर-फ्रिजच्या पॉइंटला २.५, दिव्या-पंख्याला १.५. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. कुठं करंट गळायला लागला तर तो क्षणात बंद करतोय, एमसीबीला ते कळत नाही. त्यावर टेस्टचं बटण असतंय, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पण या सगळ्याच्या आधी अर्थिंग. परड्यात नवीन करून घ्या आणि मोजून घ्या. जुन्या घरात नळाच्या पाइपला वायर बांधून अर्थिंग केलेलं असतंय. आता नळ प्लास्टिकचे झाले, म्हणजे ते अर्थिंग उरलेलंच नाही.

भिंतीत खाचा पाडू नका. भेंड्याच्या भिंतीत खाच म्हणजे भिंत पोखरणं. वरून वायर झाकणारी केसिंग पट्टी मारा, सागवानी तुळईच्या कडेनं नेली तर नजरेतही येत नाही. डाव्या ओल्या भिंतीवर एकही बोर्ड ठेवू नका, सगळे उजव्या बाजूला घ्या. हे काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. मिस्टरांचा हात कितीही चांगला असला तरी यात घरचं काम नको, आणि लोड वाढवायचा झाला तर महावितरणकडं टेस्ट रिपोर्ट त्याच्याच सहीचा लागतोय.

ओळंबा

वायरमन दादांशी पूर्ण सहमत. न्हाणीचं एक राहिलंच, ते तातडीचं म्हणून लिहितो.

न्हाणीवरचा सिमेंटचा पत्रा जुना असेल तर तो बहुधा अॅस्बेस्टॉसचा. त्याला ड्रिल नाही, करवत नाही, हातोडा तर नाहीच. त्याची बारीक धूळ छातीत गेली की निघत नाही. पाण्यानं पूर्ण भिजवायचा, हूक सोडवायचे, अख्खा खाली घ्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. तुकडे करून परड्यात पुरायचा नाही, आणि वेलाला मांडव म्हणूनही वापरायचा नाही. पोरांना त्या दिवशी नातेवाइकांकडं पाठवा.

खालची फरशी हलतेय म्हणजे तिच्याखालची माती पाण्यानं गेलीय. इथं वरून नवी टाइल चिकटवून चालणार नाही, उचकटावंच लागेल. खाली भराव ठोकून काँक्रीट, त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात. तो भिंतीवरही चढवायचा, अंगावर पाणी घेतो त्या बाजूला जास्त उंच. मग नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं जमिनीतलं तोंड) नवा बसवायचा, आणि टाइल चिकटवायच्या आधी ट्रॅपचं तोंड कापडानं बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं. गवंडी घाई करतील, पण पाण्याची पातळी उतरली नाही हे स्वतः बघितल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. टाइल गुळगुळीत चकचकीत नको, सासूबाईंचा पाय घसरता कामा नये. जमिनीला लहान आकाराच्या खरबरीत टाइल घ्या, उतार नीट देता येतोय. भिंतीला एक स्टीलचा धरायचा दांडा आताच बसवून घ्या.

टाकी कुठं ठेवलीय? माळ्यावर हजार लिटरची ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. लोखंडी स्टँड परड्यात जमिनीवरून उभा करायचा.

मंगळवारपेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघं आणि सासूबाई वही घेऊन बसलो. रिपा, फुटकी कौलं, आढं आणि मजुरी मिळून ४५,०००. दोन्ही बाजूंची पन्हळ आणि बोळाचा चर १२,०००, शेजारचे काका त्यांच्या पन्हळीचा खर्च स्वतः करायला तयार झाले. चुन्याचं काम आताचं आणि दिवाळीनंतरचं धरून ३०,०००. वायरिंग-अर्थिंगला वायरमननं ४०,००० सांगितले. न्हाणी ६०,०००, तीत टाइल फक्त गरजेपुरती. ओट्याखाली कडप्पा आणि दारं २५,०००. बेरीज २,१२,०००. उरलेले २८,००० वाशाचं टोक कुजलेलं निघालं तर त्यासाठी, त्याला दुसरीकडं हात लावायचा नाही. व्हिट्रिफाइड फरशी, पॅनेल आणि पत्रा यादीतून गेले. फरशी गेली याचं मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगते, पण शहाबादीचा एक कोपरा घासून बघितला आणि खालून तिचा करडा-निळा रंग वर आला, तेव्हा मिस्टरच म्हणाले राहू दे.

पाडव्यानंतर गिलावा काढायला सुरुवात. काका, शेवटचे दोन प्रश्न. सफेदी घरी बनवता येईल का? सासूबाई म्हणतात पूर्वी चुन्यात गूळ आणि हिरडा घालायचे, ते खरं का? आणि सोप्यातल्या खांबांवर कुणीतरी तपकिरी ऑइलपेंट मारलाय, तो काढावा का?

ओळंबा

सासूबाईंचं बरोबर आहे. गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा चुन्याच्या गिलाव्यात घालायची जुनी रीत आहे. गूळ आपल्याकडं काय कमी नाही, पण हात राखून घाला. जास्त झाला तर मुंग्या लागतात आणि गिलावा धरायला वेळ घेतोय. हिरडा ठेचून रात्रभर भिजवायचा आणि ते पाणी गाळून घ्यायचं. याचा हात सगळ्या गवंड्यांना नसतोय, म्हणून आधी परड्यातल्या भिंतीवर हातभर तुकडा करून बघा.

सफेदीसाठी चुनकळी घरी फोडू नका. चुनकळीवर पाणी पडलं की ती उकळते, अंगावर उडाली तर डोळा जाऊ शकतो, प्लास्टिकची बादली वितळते. ते काम गवंड्याला लोखंडी पिपात करू द्या, पोरं लांब ठेवून. किंवा लक्ष्मीपुरीत विझवलेल्या चुन्याची पिशवी मिळते, ती भरपूर पाण्यात आठवडाभर भिजत ठेवा. मग कापडातून गाळून ताकाएवढी पातळ करायची. लावताना पारदर्शक दिसते, पांढरी होत नाही म्हणून जाड लावायचा मोह होतो, तो आवरा. वाळली की पांढरी होते. भिंत ओलसर करून तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. काव मिसळली तर सुंदर फिकट रंग येतोय, पण सगळ्या भिंतीचा रंग एकाच वेळी कालवा, दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही.

खांबांचा ऑइलपेंट काढा, जरूर काढा. दिव्याच्या ज्योतीनं जाळून काढू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतंय आणि त्याची वाफ वाईट. पेंट रिमूव्हर लावून पत्र्याच्या पट्टीनं, खिडक्या उघड्या ठेवून खरवडा. कोरडं घासायचं नाही. मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन अर्धं-अर्धं करून कापडानं चोळा, दोन-तीन वेळा, मध्ये चांगलं वाळू देऊन. तेलाची कापडं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच टाका.

गिलावा काढल्यावर भिंतीचा आणि वाशांच्या टोकांचा फोटो इथं टाका. कुठं माती सुटलेली दिसली तर चुना लावायच्या आधी ती भरून घ्यावी लागेल, कशानं भरायची ते फोटो बघून सांगतो.